तळटीप : बॅक बेचा ड्रेजर

मूळ मजकुरात लेखक याला नुसते 'गाळ काढणारे जहाज' म्हणतात. त्यावरून डोळ्यांसमोर बादल्यांची माळ उभी राहते. १९२०च्या दशकात मुंबईत समुद्र हटवून जमीन करण्यासाठी घातलेल्या बॅक बे भरावावरचा 'सर जॉर्ज लॉइड' हा ड्रेजर मात्र गाळ शोषून घेणारा होता. शिडीसारख्या दांड्याच्या टोकाला फिरते पाते. ते तळाची माती भुसभुशीत करते आणि त्यामागच्या नळातून पंप ती पाण्यासकट ओढून घेतो. वर येतो तो पातळ राडा, त्यात पाणीच जास्त. पंप थांबला किंवा वेग उतरला की गाळ नळातच बसतो, म्हणून काम अखंड चालावे लागते. हल्लीची काही जहाजे गाळ पोटातल्या टाकीत भरून दूर नेतात आणि तळाची दारे उघडून सोडतात. इथे तशी सोय नव्हती : बंदराच्या बाजूला उपसलेला चिखल नळांतून थेट भरावावर ढकलला जाई. पाणी निथळून माती मागे राहावी, एवढाच हिशेब. पण दगडी बंधाऱ्याच्या फटींतून पाण्याबरोबर बारीक गाळही समुद्रात परत गेला, आणि उपसाही अंदाजाइतका झाला नाही. मुंबईचे वकील आणि पुढारी खुर्शेद नरिमन यांनी हे प्रकरण लावून धरले. शेवटी १९२६मध्ये चौकशीसाठी मिअर्स समिती नेमावी लागली. दोष एकट्या यंत्राचा नव्हता, कागदावरच्या अंदाजांचा अधिक होता. ठरलेल्या ११४५ एकरांपैकी त्या वेळी सुमारे ४४० एकरच भरून निघाले.
— संपादक