कुणाचीही बाजू न घेणाऱ्या बायका

स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, ऐकता ऐकता होईल.

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक गोष्ट झाली, तिथून सुरू करते. हप्ते गोळा झाले, इतिवृत्त लिहून झालं आणि तेवढ्यात दाराशी मोटारसायकल थांबली. निवडणुकीला उभा राहणार असलेल्या एका माणसाचा कार्यकर्ता होता. बोलायला गोड. म्हणाला, "ताई, तुमच्या सगळ्या गटांच्या बायकांची नावं आणि मोबाइल नंबर द्या. साहेब बायकांसाठी हळदीकुंकू ठेवताहेत." मी म्हटलं, विचारून सांगते. तो गेल्यावर आमच्या गटातल्या एक वयस्क काकू म्हणाल्या, "द्यायची नाही म्हणतेस, मग मतदानाला चला म्हणून घरोघर कशाला फिरतेस? निवडणुकीचं काम करायचं आणि कुणाचंच करायचं नाही, हे कसं जमायचं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मला तो जास्त लागला, कारण काही वर्षांपूर्वी मी अशी यादी दिली होती. त्या वेळी नवीन होते, कामाची हौस होती, वाटलं बायकांना एक साडी मिळेल तर काय बिघडलं. पुढे दोन गटांत फूट पडली. "ही त्यांची बाई आहे" असं माझ्याबद्दल जे बोललं गेलं, ते पुसायला मला तीन वर्षं लागली.

काकूंना मी अमेरिकेतल्या बायकांची गोष्ट सांगितली. बीएला इतिहास होता, तेव्हा यातलं थोडं वाचलं होतं, बाकीचं नंतर शोधून वाचलं. तीच आज सांगते.

अमेरिकेत बायकांनी मताचा हक्क मागायला सुरुवात केली ती 1848 च्या सुमारास. मिळाला 1920 मध्ये. म्हणजे मागणाऱ्या आज्या गेल्या, त्यांच्या लेकी म्हाताऱ्या झाल्या, तेव्हा नातींना मत मिळालं. शेवटच्या काळात या लढ्याच्या पुढारी होत्या कॅरी चॅपमन कॅट. आधी शाळेत शिकवायच्या. या बाई 1912 च्या सुमारास जगाच्या प्रवासात आपल्या देशातही येऊन गेल्या होत्या.

हक्क मिळाला तो दिवसही ऐकण्यासारखा आहे. राज्यघटनेत दुरुस्ती व्हायची तर तिकडे 36 राज्यांनी होकार द्यायचा होता. 35 झाली होती. छत्तिसावं राज्य टेनेसी. तिथल्या सभागृहात दोन्ही बाजू इतक्या बरोबरीत होत्या की एका मतावर येऊन अडलं. हॅरी बर्न नावाचा 24 वर्षांचा आमदार, सभागृहातला सगळ्यांत लहान. कोटावर विरोधकांचं लाल गुलाब लावून बसलेला. पण त्याच्या खिशात आईचं पत्र होतं. आई विधवा, गावाकडे शेती बघणारी, फेब बर्न तिचं नाव. घरच्या चार गोष्टींत मध्येच तिनं लिहिलं होतं की शहाण्यासारखा वाग आणि कॅटबाईंना मदत कर. 18 ऑगस्ट 1920 ला नाव पुकारल्यावर हॅरीनं होकार दिला आणि देशभरच्या बायकांना मत मिळालं.

खरी गोष्ट इथून पुढची. कॅटबाईंना आधीच कळलं होतं की हक्क कागदावर येणं वेगळं आणि तो वापरता येणं वेगळं. म्हणून हक्क पक्का व्हायच्या सहा महिने आधी, 14 फेब्रुवारी 1920 ला, शिकागोत एक नवी संघटना उभी राहिली. नाव 'लीग ऑफ विमेन व्होटर्स', म्हणजे मतदार स्त्रियांचा संघ. पहिल्या अध्यक्ष मॉड वुड पार्क. या बाईंनी मताच्या हक्कासाठी राजधानीत खासदारांच्या भेटी घेणाऱ्या बायकांची तुकडी चालवली होती. पत्रकार चेष्टेनं त्या तुकडीला 'पुढच्या दारानं येणाऱ्या' म्हणत, कारण या बायका मागच्या दारानं कुणाला काही द्यायच्या नाहीत की कुणाला धमकावायच्याही नाहीत. पार्कबाईंच्या आपल्या बायकांना सूचना ठरलेल्या: पिच्छा पुरवू नका, फुशारकी मारू नका, रागावू नका, जास्त वेळ बसू नका आणि कामाचं बोलणं जिन्यात किंवा गाडीत करू नका. बँकेत कर्जाच्या फायलीसाठी जाणाऱ्या आपल्या सगळ्यांना लिहून ठेवाव्यात अशाच आहेत.

दोन कोटींहून जास्त बायकांना पहिल्यांदा मत मिळालं होतं. मतपत्रिका कशी असते, खूण कुठे करायची, नगरपालिकेचं काम काय आणि राज्याचं काय, कुणाला ठाऊक नव्हतं. तिकडे बहुतेक राज्यांत आपल्यासारखे बीएलओ घरी येत नाहीत. आपलं नाव आपणच नोंदवायचं. लीगनं नागरिकांच्या शाळा काढल्या, खोट्या मतपत्रिका छापून सराव घेतला, नोंदणीला सोबत केली. 1928 मध्ये तर या बायका रेडिओवर आल्या आणि उमेदवारांचं बोलणं लोकांच्या घरात पोचवू लागल्या. मला हे वाचून बरं वाटलं, उगाच नाही सांगत.

पण हे सगळं करताना नियम एकच आणि तो कडक. लीग कुठल्याही पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा देणार नाही आणि विरोधही करणार नाही. शाखेच्या अध्यक्ष बाईनं प्रचारात दिसायचं नाही. गंमत म्हणजे कॅटबाई पहिल्यापासून बायकांना सांगत होत्या की पक्षात शिरा, जिथे खरे निर्णय होतात त्या बंद खोलीपर्यंत जा. प्रत्येक बाई स्वतः हव्या त्या पक्षात असू शकते, फक्त लीगच्या टेबलाशी बसली की पक्ष बाहेर ठेवून यायचा.

मला वाटतं काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. बाईला मत नसावं असं कुणीच म्हणत नाही. प्रश्न आहे तो टेबलाचा. आपल्याकडे ते टेबल म्हणजे गटाची सतरंजी.

यावर पुढारी खूश होते असं समजू नका. न्यूयॉर्कचे गव्हर्नर मिलर 1921 मध्ये लीगच्याच अधिवेशनात येऊन म्हणाले की अशी संघटना देशाच्या व्यवस्थेला धोका आहे, पक्षांशिवाय राजकारणात कुणाला जागा नाही. पाहुणा म्हणून बोलावलेला माणूस यजमानणींना हे सांगत होता. कॅटबाई तिथे होत्या, त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं. मला वाटतं गव्हर्नरांचा खरा त्रास वेगळा होता. बाजूच्या माणसाला जवळ करता येतं, विरोधकाला बाजूला सारता येतं. दोन्ही नसलेल्या बाईचं काय करायचं, हे त्यांना उमगत नव्हतं.

लीग करायची काय, तर फार साधी कामं. एक म्हणजे उमेदवारांना प्रश्न पाठवायचे. सगळ्यांना तेच प्रश्न आणि उत्तराला तेवढीच जागा. आलेलं उत्तर एक शब्द न बदलता छापायचं. ज्यानं उत्तर दिलं नाही त्याच्या नावापुढे 'उत्तर आलं नाही' एवढंच छापायचं. त्याच्याविरुद्ध एक अक्षर लिहायचं नाही. दुसरं काम बैठकांना जाऊन बसायचं. नगरपालिका असो की शाळेचं मंडळ, लीगची बाई वही घेऊन मागे बसते, काय ठरलं ते लिहिते आणि येऊन बाकीच्यांना सांगते. सभेत ती बोलत नाही. आपल्या ग्रामसभेत मागच्या रांगेत वही घेतलेल्या अशा दोन बायका बसल्या आणि तोंडातून शब्द काढला नाही, तरी कोरमच्या सह्या घरोघर फिरवून घेणं जरा अवघड होईल.

या कामानं मिळालं काय? लीग आणि दुसऱ्या स्त्री संघटनांनी मिळून जोर लावला आणि 1921 मध्ये तिकडे माता-बालकांसाठी कायदा झाला. गरोदर बायकांची तपासणी आणि घरोघर जाणाऱ्या परिचारिका यांना सरकारी पैसा मिळू लागला, तोही मुख्यतः खेड्यापाड्यांत. खासदारांनी तो मान्य केला, कारण नव्यानं मत मिळालेल्या बायकांचं भय होतं. पण 1920 च्या निवडणुकीत तीन बायकांपैकी जेमतेम एकीनं मत दिलं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बायका काही एकगठ्ठा येत नाहीत हे पुढाऱ्यांच्या लक्षात आलं, भय ओसरलं, डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध होताच. 1929 मध्ये तो पैसा बंद झाला.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर ही आरती होईल. 1920 चा हक्क कागदावर सगळ्या बायकांना होता, पण दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या बायकांना आणि पुरुषांनाही तो वापरू दिला जात नव्हता. नाव नोंदवायला गेलं की कर भरा, राज्यघटनेचा उतारा वाचा, त्याचा अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणारा कारकून गोरा. आणि लीगच्या बायका? बऱ्याच शाखांनी काळ्या बायकांना आत घेतलं नाही. संघटना यावर कितीतरी वर्षं गप्प राहिली. उमेदवारांमध्ये बाजू न घेणं ठीक. पण शेजारणीला मतच देऊ देत नाहीत आणि आपण मध्ये आहोत म्हणून गप्प बसायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. पुढे लीगनंही आपली ही चूक कबूल केली.

ते काम मग दुसऱ्याच बायकांनी केलं. सेप्टिमा क्लार्क नावाच्या काळ्या शिक्षिका होत्या. समान हक्कांच्या संघटनेचं सभासदत्व सोडायला नकार दिला म्हणून 1956 मध्ये त्यांची नोकरी गेली. साउथ कॅरोलायना राज्यात जॉन्स आयलंड नावाचं बेट आहे. तिथे जानेवारी 1957 मध्ये त्यांनी मोठ्या माणसांसाठी रात्रीचा वर्ग सुरू करवला. जागा कुठली, तर सहकारी दुकानाच्या मागची खोली. पुढे किराणा माल, म्हणजे मागे काय चाललंय ते गोऱ्यांना कळू नये. शिकवायला त्यांनी बर्निस रॉबिन्सन यांना घेतलं. त्या केस विंचरण्याचा, सजवण्याचा धंदा करायच्या, शिवणकाम करायच्या. त्या म्हणत होत्या की मी कुठे शिक्षिका आहे. क्लार्कबाईंना शिक्षिका नकोच होती, लोकांचं ऐकून घेणारी बाई हवी होती. पहिल्या दिवशी रॉबिन्सनबाईंनी विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला सही यायला हवी होती, कुणाला दूर गेलेल्या मुलाचं पत्र वाचायचं होतं, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. तिथून सुरुवात झाली आणि त्यातूनच मतदार नोंदणीच्या फॉर्मपर्यंत गेली. अशा शाळा मग दक्षिणेत गावोगाव निघाल्या. 1962 मध्ये मिसिसिपीत फॅनी लू हेमर नावाची शेतमजूर बाई नाव नोंदवायला गेली, तर त्याच संध्याकाळी तिला 18 वर्षं राबलेल्या मळ्यातून बाहेर काढलं. 1965 मध्ये कायदा झाला तेव्हा कुठे ही अडवणूक मोडली.

लीगची आणखी एक गोष्ट सांगते, कारण आमच्या दाराशी आलेल्या मोटारसायकलशी तिचा संबंध आहे. 1976, 1980 आणि 1984 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांचे समोरासमोर वादविवाद लीगनंच भरवले. एवढ्या बलाढ्य देशाचा कारभार मागणारी माणसं, आणि त्यांना एका मंचावर उभं करणारी ही स्वयंसेविकांची संघटना. 1976 च्या पहिल्या वादात ध्वनियंत्रणा 27 मिनिटं बंद पडली, तर अध्यक्ष फोर्ड आणि कार्टर दोघंही मुकाट उभे राहिले. 1980 मध्ये लीगनं तिसऱ्या, अपक्ष उमेदवारालाही बोलावलं. कार्टर तेव्हा स्वतः अध्यक्ष होते, ते रुसून आले नाहीत. लीगनं त्यांच्यावाचून कार्यक्रम केला.

मग आलं 1988. दोन्ही पक्षांच्या माणसांनी आपसात बसून करार केला: प्रश्न कोण विचारणार, प्रेक्षकांत कोण बसणार, पत्रकारांना कुठवर सोडायचं. तो लीगपुढे ठेवला आणि सांगितलं, असंच करायचं. लीगच्या अध्यक्ष नॅन्सी न्यूमन यांनी 3 ऑक्टोबरला जाहीर केलं की मतदारांच्या फसवणुकीत आम्ही सामील होणार नाही. लीग बाजूला झाली. वाद झालाच, दुसऱ्यांनी भरवला. त्यानंतर तो मंच लीगकडे परत आला नाही. एवढा मोठा मान गेला. पण प्रश्न पाठवणं, नोंदणीची टेबलं, बैठकांना बसणं, हे शाखाशाखांत चालू राहिलं आणि आजही चालू आहे.

इथवर सांगून झाल्यावर काकू म्हणाल्या, "आपल्याकडे कुणी लढलं का मतासाठी?" लढल्या. मुंबई इलाख्यात 1921 मध्ये बायकांना मत मिळालं, पण मालमत्तेची अट होती, त्यामुळे मोजक्याच बायका त्यात बसल्या. सगळ्यांना मिळालं ते स्वातंत्र्यानंतर. पहिल्या निवडणुकीच्या यादीतून सुमारे 28 लाख बायकांची नावं गळाली, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत. त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच. काकू हसल्या. म्हणाल्या, "माझ्या सासूचं नाव मला ती गेल्यावर कळलं."

यादी आम्ही दिली नाही. ती गटाच्या पेटीत आहे. त्या माणसाला निरोप दिला की सगळ्याच उमेदवारांना बोलावणार आहोत, साहेबांनीही यावं, प्रत्येकाला दहा मिनिटं आणि प्रश्न सगळ्यांना तेच. अजून उत्तर आलेलं नाही.

तोवर पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं मतदार यादीतलं आपलं नाव बघून यायचं. लग्न होऊन आलेल्या सुना आणि ज्यांचं नाव अजून माहेरी आहे, त्यांना फॉर्म 8 लागेल. अठरा पूर्ण झालेल्या लेकींना फॉर्म 6. भरायला अडलं तर मी आहे. काकूंनी आपल्या ओट्यावर टेबल लावू दिलंय.