क्लोंडाइक नदी

क्लोंडाइक नदी : कॅनडाच्या वायव्येकडील युकॉन प्रदेशातील नदी. लांबी सु. १६० किमी. ओगिल्वी पर्वतात उगम पावून पश्चिमेकडे वाहते व ६४° उत्तर अक्षांशाजवळ, डॉसन येथे युकॉन नदीस मिळते. सामन मासे अडवण्यासाठी येथील मूळ रहिवासी हान लोक पात्रात दगडी हातोड्यांनी मेढी ठोकत. त्या हातोड्यांवरून त्यांनी नदीला ‘त्रॉन्देक’ म्हटले. परक्यांच्या तोंडी त्याचे क्लोंडाइक झाले.

सोन्यासाठी ही नदी जगभर गाजली खरी, पण ते प्रामुख्याने सापडले तिला दक्षिणेकडून मिळणाऱ्या बोनान्झा व हंकर आणि बोनान्झाला मिळणाऱ्या एल्डोराडो या ओढ्यांत. हिमयुगात हा टापू बर्फाच्या थराखाली गेला नाही. त्यामुळे ओढ्यांतली जुनी रेती खरवडली गेली नाही आणि जड सोने तळच्या खडकावर साचून राहिले.

१६ ऑगस्ट १८९६ रोजी जॉर्ज कारमॅक, त्याची पत्नी केट, तिचा भाऊ स्कूकम जिम आणि भाचा डॉसन चार्ली यांच्या चमूला बोनान्झा ओढ्यात सोने दिसले. पहिले कोणाला, हा वाद आजही मिटलेला नाही. शोधाची नोंद मात्र कारमॅकच्या नावावर झाली.

जमीन बारमाही गोठलेली. खाणकामगार रात्री जाळ पेटवत, सकाळी सैल झालेली माती उपसत आणि पुन्हा जाळ लावत. हिवाळाभर साठवलेले ढीग वसंतात पाणी सुटल्यावर लाकडी पन्हळीतून धूत; झारेकऱ्याचेच काम, पण अख्ख्या दरीचे. १८९७ च्या जुलैत सोने घेऊन जहाजे सॅन फ्रान्सिस्को व सिएटलला लागली आणि सु. एक लाख माणसे उत्तरेकडे निघाली. वर्षभराची शिधासामग्री बरोबर असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस सरहद्द ओलांडू देत नसत. त्यामुळे सरहद्दीवरील चिलकूट खिंडीतून ओझी वाहत पुन्हापुन्हा खेपा घालाव्या लागत. जे पोहोचले त्यांपैकी बहुतेक जण १८९८ मध्ये पोहोचले, तोवर चांगल्या जागा गेल्या होत्या. १८९९ मध्ये अलास्कातील नोम येथील सोन्याची बातमी येताच डॉसन शहर ओसरू लागले.

पुढे ड्रेजर यंत्रांनी दऱ्या उलथून काढल्या. ‘ड्रेज क्र. ४’ १९५९ पर्यंत चालू होता. या यंत्रांनी मागे टाकलेल्या दगडगोट्यांच्या नागमोडी रांगा आजही दिसतात.

सर्वांत मोठी किंमत हान लोकांनी मोजली. नदीच्या मुखाशी असलेला त्यांचा मासेमारीचा तळ गेला. प्रमुख आयझॅक त्यांना युकॉनच्या काठाने खाली मूसहाइड येथे घेऊन गेले आणि या लोंढ्यात गाणी-नाच बुडतील, या काळजीने ते त्यांनी अलास्कातील नातलगांकडे जपायला सोपवले. ‘त्रॉन्देक-क्लोंडाइक’ २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत आले, ते हान लोकांच्या या अनुभवाची साक्ष म्हणून.