मालविकेचा अशोक आणि वऱ्हाडांतील अंगणें

फळासाठीं आंबा, सावलीसाठीं निंब, पूजेसाठीं बेल आणि पारिजातक, एवढींच झाडें आमचे पूर्वज घरापाशीं लावीत. केवळ डोळ्यांच्या सुखासाठीं अंगणांत वृक्ष वाढविण्याची हौस आम्हांस इंग्रजांनीं लावली, असा एक समज आमच्या सुशिक्षित वर्गांत रूढ आहे. अमरावतीचा कॅम्प किंवा अकोल्याची सिव्हिल लाइन्स पाहिली म्हणजे तो खराही वाटूं लागतो. वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आलें. अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१-६५) येथील कापसास सोन्याचा भाव आला. आणि १८६७ सालीं आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोंचली. मग बंगले उठले, बंगल्यांभोंवतीं ऐसपैस आवारें आलीं, आणि आवारांत दूरदेशींचीं झाडें उभीं राहिलीं. गुलमोहोर मादागास्करचा, त्याचें शास्त्रीय वर्णन १८२९ सालीं प्रसिद्ध झालें आणि त्यानंतर थोड्याच दशकांत तो हिंदुस्थानांत आला. पर्जन्यवृक्ष अमेरिकेंतील, बुचाचें झाड ब्रह्मदेशाकडील. या पाहुण्यांशीं आमचें भांडण नाहीं. आमच्या देवळांपुढें पिढ्यान्‌पिढ्या फुलणारा खुरचाफाही मूळचा अमेरिकेचाच. प्रश्न एवढाच कीं, झाडें परकीं म्हणून झाडाची हौसही परकी ठरते काय?

या प्रश्नाच्या उत्तरासाठीं साक्षी शोधावयास वऱ्हाडाबाहेर फार दूर जावें लागत नाहीं. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’ची नायिका विदर्भाची राजकन्या आहे. विदिशेच्या प्रमदवनांत अशोकाचें एक झाड आहे. वसंत आला तरी त्यास फूल नाहीं. तरुण स्त्रीनें अलंकृत पायानें ताडन केलें असतां अशोक फुलतो, हा कविसंकेत प्रसिद्धच आहे. धारिणी राणी झोपाळ्यावरून पडून पाय दुखावून बसली आहे, म्हणून तें काम ती मालविकेकडे सोंपविते, आणि पांच रात्रींच्या आंत झाड फुललें तर तुझी इच्छा पुरवीन, असें वचन देते. मैत्रीण मालविकेच्या पायास अळिता लावते, नूपुर चढविते, आणि पुढें झाड फुलतें. याच नाटकांत विदर्भाचे दोन भाग करून वरदा नदी ही त्यांची सीमा ठरविली आहे. ती वरदा म्हणजे आजची वर्धा. अमरावती जिल्ह्याची पूर्वसीमा तीच होय.

दुसरी साक्ष राजशेखराची. इसवी सन ९०० च्या सुमाराच्या या कवीच्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत नाटकांतील नायिका कुंतलाधिपाची कन्या खरी, पण विदूषकानें तिला पाहिलें तें वच्छोम नगरांत. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म, म्हणजेच आजचें वाशीम. एके काळीं तें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतें, आणि १९९८ सालीं स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत अकोला जिल्ह्यांत मोडत असे. ही कर्पूरमंजरीही कुरबकास आलिंगन देते, तिलकाकडे दृष्टिक्षेप करते आणि अशोकास पायानें स्पर्श करते. एक विदर्भाची कन्या, दुसरी विदर्भांत दिसलेली; आणि दोघींच्या हातीं वृक्षाचें फुलणें सोंपविलेलें! यास योगायोग म्हणावयाचें असेल तर म्हणावें. पण योगायोगही लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

यावर इतिहासाचा काटेकोर अभ्यासक म्हणेल कीं, हीं राजांचीं उपवनें आणि हे कवींचे संकेत. यांवरून गृहस्थाच्या अंगणाबद्दल काय सिद्ध होतें? आक्षेप रास्त आहे. परंतु ‘मेघदूतां’तील यक्ष राजा नव्हे, कुबेराचा चाकर आहे. त्याच्या घराची खूण म्हणून कवि काय सांगतो? दाराशीं त्याच्या पत्नीनें पुत्रवत् वाढविलेला बालमंदार, फुलांच्या भारानें हाताशीं वांकलेला. आणि क्रीडाशैलाजवळ तांबडा अशोक व बकुळ. घराची ओळख झाडावरून पटावी ही कल्पना वाचकांस चमत्कारिक वाटणार नाहीं, असा कवीचा भरंवसा आहे. संकेत हवेंत उगवत नाहींत. ऐकणाऱ्याच्या अनुभवांत त्यांचीं मुळें असावीं लागतात. पुढें अकबराच्या काळीं वऱ्हाड सुभ्याची हकीकत लिहितांना अबुल फजलासारख्या महसुलाचे आंकडे मांडणाऱ्या मनुष्यासही एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, एका सुगंधी फुलाची नोंद करावीशी वाटली. ज्या मुलखांत फूल हें दप्तरांत जातें, तेथील लोकांस फुलांची दृष्टि नव्हती असें म्हणणें धाडसाचें आहे.

आणखी एक साक्ष खुद्द आमच्या भाषेची आहे. झाडाच्या या इच्छेस संस्कृतांत ‘दोहद’ म्हणतात, आणि मराठींतील ‘डोहाळे’ हा शब्द त्यापासूनच आला आहे. गर्भवतीचे डोहाळे घरानें पुरवावयाचे, तसे झाडाचेही. पायाच्या ताडनानें फूल येत नाहीं हें खरें. पण झाडाचें फुलणें आपल्या लक्ष देण्यावर अवलंबून आहे ही समजूत मात्र खोटी नाहीं. अशोक हा मूळचा ओलसर, छायेच्या रानांतला वृक्ष. वऱ्हाडांत उन्हाळ्याचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. काळी जमीन भेगाळते. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णेच्या खारपाण पट्ट्यांत तर विहिरीचें पाणीही खारें लागतें. अशा देशांत अशोक आपण होऊन वाढत नाहीं. कोणीतरी त्यास आडोसा करावा लागतो, न्हाणीचें पाणी वळवून द्यावें लागतें, आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी लागते. दोहदाच्या कथेचा आमच्या मतें हाच व्यावहारिक अर्थ आहे.

आतां आजचीं अंगणें पाहूं. नव्या वसाहतींत, शाळा-कचेऱ्यांच्या कुंपणाशीं ‘अशोक’ म्हणून जो उंच, निमुळता, लांबट लहरीदार पानांचा वृक्ष रांगेनें उभा दिसतो, तो मालविकेचा अशोक नव्हे. तो खोटा अशोक. कुळ सीताफळाचें, फुलें फिकट हिरवीं, पानाआड दडणारीं. खरा अशोक, ज्यास सीता-अशोक म्हणतात, तो चिंचेच्या गोत्रांतला. त्याचीं कोंवळीं पानें तांबूस होऊन लोंबतात. वसंतांत जुन्या लांकडावरच फुलांचे सुगंधी गुच्छ येतात, ते आधीं पिंवळे-नारिंगी, मग लाल. या फुलांस पाकळ्याच नसतात. रंग असतो तो संदलांचा. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानें १७९५ सालीं सर विल्यम जोन्स या संस्कृतज्ञाच्या स्मरणार्थ या झाडास त्याचें नांव दिलें होतें. परक्या पंडितांस ज्याची एवढी थोरवी वाटली, त्याची ओळख आमच्या दारांतून पुसली जात आहे. सालीसाठीं रानांतील झाडें सोललीं गेलीं; आज हा वृक्ष जगांतील संकटग्रस्त जातींच्या यादींत आहे, आणि औषधांतही खऱ्या सालीच्या जागीं खोट्या अशोकाची साल मिसळली जाते. नांव उरलें, वृक्ष गेला!

खोटा अशोक लावणारास आम्ही दोष देत नाहीं. त्यास जागा थोडी लागते, तो सदा हिरवा राहतो, आणि फारशी विचारपूसही मागत नाहीं. नेमका येथेंच फरक आहे. इंग्रजी अंमलानें झाडाची हौस आणली नाहीं, तशी ती नेलीही नाहीं. परंतु बंगल्यांच्या आवारांत माळ्याकरवीं, हुकमानें रांगा लावण्याचा जो प्रघात पडला, त्यामुळें झाड ही घरच्या माणसानें जपावयाची वस्तु न राहतां घराचें सामान झालें. आज माळी गेला, हुकूमही गेला. रांग मात्र राहिली.

काटेपूर्णेच्या वा अप्पर वर्धेच्या पाण्यावर जगणाऱ्या शहरांत प्रत्येक अंगणांत अशोक असावा, असें म्हणणें अविचाराचें होईल. उघड्या माळावर निंब, बहावा आणि पळस हेच आपले खरे सोबती. पण ज्याच्या घरास उत्तरेची सावली आहे, न्हाणीचें पाणी आहे आणि नातवंडांचा विचार करण्याइतका धीर आहे, त्यानें रोप घेतांना एवढें विचारावें, कीं हा कोणता अशोक? अकोल्यास १९६९ पासून कृषिविद्यापीठ नांदत आहे. झाडाची निगा सांगणारे जाणते या प्रांतांत दुर्मिळ नाहींत. विदर्भकन्येच्या पायाखालीं फुललेला वृक्ष तिच्याच माहेरीं कोणी ओळखूं नये, ही गोष्ट काव्याच्या रसिकांनाच नव्हे, तर इतिहासाचा अभिमान वाहणाऱ्या सर्वांनाच लाजविणारी आहे. डोहाळे झाडाचे असतात. ते पुरवावयाचे असतात घरानें.