सेलमहून मुंबईला: अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ

अमेरिकन मराठी मिशन हे न्यू इंग्लंडमधील चर्चांनी स्थापन केलेल्या ‘अमेरिकन बोर्ड’चे परदेशातील पहिले मिशन. त्याचे मूळ 1806 सालातले. मॅसेच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजचे काही विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीआड थांबले असता, आशियात जाऊन धर्मप्रसार करण्याचा विचार त्यांच्या बोलण्यातून पुढे आला. 1810 मध्ये बोर्डाची स्थापना झाली. 6 फेब्रुवारी 1812 रोजी सेलम बंदरातील चर्चमध्ये अडोनिराम जडसन, सॅम्युअल न्यूएल, सॅम्युअल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस या पाच तरुणांना धर्मोपदेशकाची दीक्षा देण्यात आली.

त्याच महिन्यात दोन जहाजांतून ही मंडळी निघाली. काही महिन्यांनी ती कलकत्त्याला उतरली, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. धर्मप्रसारामुळे शिपायांत असंतोष पसरेल, ही भीती 1806 च्या वेल्लोरच्या बंडापासून कंपनीच्या मनात घर करून होती. त्यात जून 1812 मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले आणि अमेरिकन माणूस शत्रुराष्ट्राचा ठरला. जडसन आणि राइस बाप्टिस्ट मताचे झाले आणि बोर्डापासून वेगळे झाले. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. न्यूएल दांपत्य मॉरिशसला पोचले. तिथे हॅरिएट न्यूएल यांचा अवघ्या 19 व्या वर्षी मृत्यू झाला. त्यांचे नवजात बाळ त्याआधीच समुद्रावर दगावले होते.

हॉल आणि नॉट मात्र 11 फेब्रुवारी 1813 रोजी मुंबईत आले. इथूनही त्यांना घालवून देण्याचे आदेश निघाले. सिलोनकडे निघालेले असताना कोचीनला त्यांना अडवून परत आणण्यात आले. तेव्हा हॉल यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे लेखी विनंत्या केल्या. धर्मकार्याबद्दल आस्था असलेल्या नेपियन यांनी त्यांना सांभाळून घेतले. 1813 च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना परवाना मिळण्याची वाट मोकळी झाली आणि मुक्काम कायम झाला. 1814 मध्ये न्यूएलही येऊन मिळाले.

पहिले काम होते मराठी शिकण्याचे. पंडितांकडून भाषेचे धडे घेत ते रस्त्यांत, बाजारांत आणि देवळांच्या आसपास लोकांशी बोलू लागले. 1815 पासून शाळा निघाल्या. ख्रिस्ती शिक्षक उपलब्ध नसल्याने शिकवायला बहुधा ब्राह्मण पंतोजीच असत. 1816 मध्ये मुद्रणाचे काम जाणणारे होरॅशियो बार्डवेल आले आणि लवकरच छापखाना सुरू झाला. 1826 मध्ये त्यातून संपूर्ण नवा करार मराठीत बाहेर पडला.

या कामाची किंमत जबर होती. प्रकृती ढासळल्याने नॉट 1815 मध्येच मायदेशी परतले. 1821 मध्ये न्यूएल पटकीने गेले. 20 मार्च 1826 रोजी, नाशिककडील दौऱ्यावरून परतताना, हॉल यांनाही पटकीनेच गाठले. ते 41 वर्षांचे होते. आणि इतके करूनही पहिल्या वीस वर्षांत बाप्तिस्मा घेणारे अगदी मोजकेच निघाले.

शाळा आणि छापखाना यांचा परिणाम मात्र मिशनच्या आवाराबाहेर दूरवर पोचला. 1824 मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा उघडली. 1827 मध्ये सिंथिया फॅरार आल्या; बोर्डाने परदेशी पाठवलेल्या सुरुवातीच्या अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक. 1831 मध्ये मिशनने अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) ठाणे उघडले होते. फॅरार 1839 मध्ये तिथे गेल्या आणि 1862 मध्ये तिथेच वारल्या. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. 1848 मध्ये फुले दांपत्याने पुण्यात मुलींसाठी काढलेल्या शाळेमागे ही प्रेरणाही होती.

अहमदनगरलाच 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. पुढे कवी नारायण वामन टिळक याच मिशनशी जोडले गेले. मुंबईच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी सुबक देवनागरी खिळे घडवले आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्या छापखान्याचे संस्कृत आणि मराठी ग्रंथ पुढे देशभर नावाजले गेले. धर्मांतराच्या आकड्यांत या मिशनचे यश लहान दिसते. मराठी मुद्रण आणि स्त्रीशिक्षण यांच्या इतिहासात मात्र त्याचे स्थान मोठे आहे.