अनोळखी एअरपोर्टवर छोटं विमान 'टॅक्सी' कसं करतात? मॅप अ‍ॅप काय दाखवतं आणि काय दाखवत नाही

विमान उडवण्याबद्दल प्रश्न विचारणारे खूप भेटतात, पण ते जमिनीवर कसं चालवतात हे सहसा कोणी विचारत नाही. पार्किंगपासून रनवेपर्यंत आणि उतरल्यावर रनवेपासून पार्किंगपर्यंत विमान स्वतःच्या इंजिनावर चालतं, त्याला टॅक्सी करणं म्हणतात. मी आठवडाभर कोड लिहितो आणि वीकेंडला कॅलिफोर्नियात भाड्याचं सेस्ना १७२ उडवतो. कुठल्याही नवीन एअरपोर्टवर जायचं असेल तर माझी जास्त तयारी आकाशातल्या रस्त्याची नसते, जमिनीवरच्या या रस्त्याची असते.

आधी गाडी आणि विमान यातला फरक बघू. सेस्नामध्ये हातात जे स्टिअरिंगसारखं असतं, त्याला योक म्हणतात. जमिनीवर ते फिरवून विमान वळत नाही. वळवायचं पायाने, पेडल दाबून. ब्रेकही त्याच पेडलच्या वरच्या भागात, डाव्या आणि उजव्या चाकाचे वेगवेगळे. गाडी चालवायची सवय असलेला प्रत्येक नवशिका पहिल्या दिवशी योक फिरवत बसतो! वेग ठेवायचा झपाझप चालणाऱ्या माणसाइतका. रिव्हर्स गिअर नाही, त्यामुळे चुकीच्या वळणावर शिरलात तर मागे येता येत नाही.

पाट्या आणि रेषा

टॅक्सीवेंना अक्षरांची नावं असतात : अल्फा, ब्राव्हो, चार्ली वगैरे. इंग्रजी 'आय' आणि 'ओ' ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. 'एक्स' पण नाही, कारण जमिनीवर फुली रंगवलेली असेल तर तो भाग बंद आहे असा अर्थ होतो. रनवेंना आकडे असतात, आणि आकडा म्हणजे होकायंत्राच्या दिशेतलं शेवटचं शून्य काढून उरलेला भाग. रनवे २७ म्हणजे साधारण २७० अंश, पश्चिमेकडे तोंड.

पाट्यांचे रंग लक्षात ठेवायला सोपे आहेत. काळ्या पाटीवर पिवळं अक्षर म्हणजे तुम्ही आत्ता या टॅक्सीवेवर आहात. पिवळ्या पाटीवर काळं अक्षर आणि बाण म्हणजे तो टॅक्सीवे तिकडे आहे. लाल पाटीवर पांढरा आकडा म्हणजे पुढे रनवे आहे, परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. लाल पाटीजवळच जमिनीवर चार पिवळ्या रेषा आडव्या असतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेषा तुमच्या बाजूला असतील तर तिथे थांबायचं. तुटक रेषा तुमच्या बाजूला असतील तर तुम्ही रनवेवरून बाहेर येताय, म्हणजे चारही रेषा शेपटीसकट ओलांडून मगच थांबायचं. शेपटी आत राहिली तर रनवे रिकामा झाला असं धरत नाहीत.

परवानगी कशी मिळते

टॉवर असलेल्या एअरपोर्टवर 'ग्राउंड' नावाचा कंट्रोलर रस्ता देतो. समजा त्याने सांगितलं, "रनवे टू-एट राइट, टॅक्सी व्हाया डेल्टा, चार्ली, होल्ड शॉर्ट रनवे थ्री-थ्री." म्हणजे जायचंय २८ राइटला, डेल्टा आणि चार्लीवरून, पण मध्ये ३३ लागेल, त्याच्या अलीकडे थांबायचं. हे कागदावर लिहून घ्यायचं आणि रेडिओवर परत म्हणून दाखवायचं. होल्ड शॉर्टचा भाग तुम्ही म्हटला नाही, तर कंट्रोलर तुमच्याकडून म्हणवून घेतो.

अमेरिकेत ३० जून २०१० पर्यंत "अमुक रनवेला टॅक्सी करा" एवढं म्हटलं की वाटेतले बाकीचे रनवे ओलांडायची परवानगी त्यातच धरली जायची. त्या दिवसापासून प्रत्येक रनवे ओलांडायला वेगळी, स्पष्ट परवानगी लागते. माझ्या मते हा फार शहाणा बदल होता. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला डिफॉल्ट 'अलाउ' वरून डिफॉल्ट 'डिनाय' वर जाणं म्हणू.

मग अ‍ॅप आहे ना?

आहे, आणि चांगलं आहे. फोरफ्लाइट किंवा गार्मिन पायलटसारख्या अ‍ॅपमध्ये एअरपोर्टचा नकाशा उघडतो आणि त्यावर तुमचं विमान सरकताना दिसतं, गुगल मॅपच्या निळ्या ठिपक्यासारखं. एअरपोर्टवर उंच इमारती जवळ नसतात, आकाश मोकळं असतं, त्यामुळे फोनचा जीपीएस साधारण ५ मीटरच्या आत बरोबर असतो. सेस्ना १७२ चे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११ मीटर आहेत. म्हणजे कुठल्या टॅक्सीवेवर आहोत हे कळायला ठिपका पुरेसा आहे, पण विमानाचं नाक पिवळ्या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे हे ठरवायला नाही.

हा ठिपका किती मोलाचा आहे, हे समजायला ८ ऑक्टोबर २००१ ची सकाळ बघा. इटलीत मिलानच्या लिनाटे एअरपोर्टवर दाट धुकं होतं. एका छोट्या सेस्ना सायटेशन जेटला 'आर ५' टॅक्सीवेने जायला सांगितलं. पायलटने रेडिओवर आर ५ असंच परत म्हटलं, पण विमान वळलं 'आर ६' वर, आणि तो टॅक्सीवे थेट चालू रनवेकडे जात होता. वाटेत पायलटने 'एस ४' या जमिनीवरच्या खुणेचं नाव घेतलं, पण कंट्रोलरला ती खूण माहीतच नव्हती. जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार त्या दिवशी चालू नव्हतं. टेकऑफ करणारं स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचं विमान त्या जेटवर आदळलं. दोन्ही विमानांतले ११४ आणि जमिनीवरचे ४, असे ११८ जण गेले. आजचं अ‍ॅप त्या कॉकपिटमध्ये असतं तर आर ६ वर वळताक्षणी ठिपका चुकीच्या रेषेवर दिसला असता.

आता दुसरी घटना. २४ एप्रिल २०२०, कॅलिफोर्नियातलं हॉथॉर्न एअरपोर्ट. अभिनेते हॅरिसन फोर्ड आपलं छोटं विमान टॅक्सी करत होते. कंट्रोलरने रनवेच्या अलीकडे थांबायला सांगितलं होतं, कारण त्या रनवेवर दुसरं विमान होतं. फोर्ड रनवे ओलांडून गेले. सूचना चुकीची ऐकली गेली, असं त्यांच्या बाजूने नंतर सांगण्यात आलं. दोन विमानांत साधारण ३,६०० फूट अंतर होतं, अपघात झाला नाही. इथे आपण कुठे आहोत हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता पुढे जायची परवानगी आहे का, आणि त्याचं उत्तर कुठल्याच ठिपक्यात नसतं. काही अ‍ॅप रनवे जवळ आला की आवाज देऊन सांगतात, पण कंट्रोलरने तुम्हाला काय सांगितलं हे त्यांना कळत नाही.

अजून एक गोष्ट. चार्टचा डेटा २८ दिवसांच्या चक्राने अपडेट होतो, पण आज सकाळी बंद केलेल्या टॅक्सीवेची बातमी 'नोटॅम' नावाच्या सूचनेत येते, ती वेगळी वाचावी लागते. आयपॅडला अ‍ॅपलच्या म्हणण्यानुसार ३५ अंशांपर्यंतचं तापमान चालतं. उन्हाळ्यात काचेखालच्या डॅशबोर्डवर ते सहज ओलांडलं जातं आणि स्क्रीन 'गरम झालोय' म्हणून बंद होते. म्हणून मी एअरपोर्टच्या नकाशाची कागदी प्रत मांडीवर ठेवतोच.

गोंधळ झाला तर

नकाशावर काही ठिकाणी 'हॉटस्पॉट' लिहिलेलं असतं. मोबाइलचा नाही! जिथे पायलट वारंवार चुकतात ती वळणं. उड्डाणाआधी ती बघून ठेवायची. सगळ्यात धोक्याचा क्षण म्हणजे उतरल्यानंतरचा : वेग अजून कमी होतोय, बाहेर पडायचं वळण समोर आलंय, आणि फ्रीक्वेन्सी बदलायला हात शिवशिवतोय. आधी पिवळ्या रेषा पूर्ण ओलांडायच्या, टॅक्सीवेवर थांबायचं, मग रेडिओ, मग नकाशा.

आणि सरळ सांगायचं, "अनफॅमिलियर, रिक्वेस्ट प्रोग्रेसिव्ह टॅक्सी." मग कंट्रोलर एकेक वळण सांगतो : पुढचं डावं घ्या, आता थांबा, आता उजवं. हे माणसाचं टर्न-बाय-टर्न नेव्हिगेशन आहे, फुकट आहे, आणि त्याला परवानगीचंही कळतं. नवीन पायलट हे मागायला लाजतात. लाजायचं काय कारण, कंट्रोलरलाही चुकून रनवेवर आलेल्या विमानापेक्षा थांबून विचारणारं विमान परवडतं. टॉवर नसलेल्या छोट्या एअरपोर्टवर मात्र विचारायला कोणी नसतं. तिथे आपण काय करतोय ते रेडिओवर बोलत राहायचं, आणि रनवेवर चढण्याआधी दोन्ही बाजूंना डोळ्यांनी बघायचं.

हे घरबसल्या बघायचं असेल तर फोनवर मुंबई एअरपोर्ट सॅटेलाइट व्ह्यूमध्ये उघडा. ०९/२७ आणि १४/३२ हे दोन रनवे एकमेकांना छेदतात ती जागा शोधा आणि झूम करून जवळच्या टॅक्सीवेंवरच्या थांबायच्या पिवळ्या रेषा मोजा. भारतातल्या एअरपोर्टचे अधिकृत चार्टही एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या ई-एआयपीमध्ये सगळ्यांसाठी खुले आहेत.