अल्जियर्सचा मुस्तफा आणि मर्लिन हॉर्नची इसाबेला

युरोपच्या जुन्या रंगभूमीवर मुसलमान पुरुष बहुतेक वेळा दोनच वेशांत येतो. एक तर हातात नंगी तलवार घेऊन, नाहीतर जनानखान्यात गाद्या-गिरद्यांवर लोळत. जोआकिनो रॉसिनीच्या 'अल्जियर्समधली इटालियन तरुणी' या विनोदी ऑपेरात दुसऱ्या प्रकारचा मुसलमान भेटणार, हे मला आधीच ठाऊक होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने १९८६ साली दूरचित्रवाणीसाठी केलेले त्याचे चित्रण पाहायला बसलो, तेव्हा मनात थोडी अढी होती. आपल्याच माणसाची टर उडवलेली पाहायची, आणि वर टाळ्याही वाजवायच्या, हे कसे जमावे?

चित्रण संपले तेव्हा मी मनमोकळा हसलेला होतो. असे का झाले, याचा शोध घेता घेता हातात जे लागले ते इथे मांडतो. त्यात एका गायिकेची करामत आहे, आणि अल्जियर्सचा खरा इतिहासही आहे.

आधी गोष्ट सांगतो. अल्जियर्सचा 'बे' मुस्तफा आपली बायको एल्व्हिरा हिला कंटाळला आहे. तिला लिंदोरो नावाच्या इटालियन गुलामाच्या गळ्यात बांधावे आणि स्वतःसाठी एखादी तडफदार इटालियन बाई आणावी, अशी त्याची इच्छा. चाच्यांचा कप्तान हाली याला तो तसा हुकूम देतो. योगायोगाने एक जहाज किनाऱ्याला लागून फुटते आणि त्यातून इसाबेला उतरते. ती निघालेली असते आपल्या हरवलेल्या प्रियकराच्या शोधात, आणि तो प्रियकर म्हणजे हाच लिंदोरो. तिच्याबरोबर ताद्देओ नावाचा एक घाबरट चाहता असतो. त्याला ती काका म्हणून पुढे करते. पुढच्या दोन अंकांत इसाबेला मुस्तफाला बोटावर नाचवते. 'पाप्पाताची' नावाच्या एका बनावट मंडळाचे सन्माननीय सभासदत्व ती त्याला देते. मंडळाचे नियम असे, की खावे, प्यावे, झोपावे आणि समोर काहीही घडले तरी गप्प राहावे. मुस्तफा नियम पाळत जेवत बसतो आणि इसाबेला सगळ्या इटालियन गुलामांना घेऊन जहाजात चढते. शेवटी मुस्तफा एल्व्हिराकडे परत येतो.

या ऑपेराचा पहिला प्रयोग २२ मे १८१३ रोजी व्हेनिसच्या सान बेनेदेत्तो नाट्यगृहात झाला. रॉसिनी तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि हे संगीत त्याने महिन्याभराच्या आत लिहून काढले होते. संहिता मात्र नवी नव्हती. आंजेलो आनेल्ली याने ती लुइजी मोस्का या संगीतकारासाठी लिहिली होती आणि १८०८ साली मिलानमध्ये ती रंगमंचावर येऊन गेली होती. रॉसिनीने ती थोडे फेरफार करून पुन्हा वापरली. आज मोस्काचे नाव फक्त अभ्यासकांना माहीत आहे.

रॉसिनीने नायिकेसाठी आवाज निवडला तो खालच्या पट्टीचा. पाश्चात्त्य गायनात स्त्रियांचा सर्वांत उंच आवाज सोप्रानो, सर्वांत खालचा कॉन्ट्राल्टो आणि मधला मेझो-सोप्रानो. नंतरच्या काळात नायिका म्हणजे सोप्रानो, असा जणू नियमच झाला. मेझोच्या वाट्याला आई, दासी, जादूगारीण किंवा सवत आली. रॉसिनीने मात्र आपल्या विनोदी ऑपेरांत ही खालची पट्टी घरच्या मालकिणीला दिली. १८१३ ची इसाबेला, १८१६ ची 'सेव्हिलचा न्हावी' मधली रोझिना आणि १८१७ ची 'चेनेरेन्तोला', म्हणजे आपली सिंड्रेला, या तिघी तशाच आहेत. व्हेनिसची पहिली इसाबेला मारिएत्ता मार्कोलिनी ही कॉन्ट्राल्टो होती.

पुढे अभिरुची बदलली. खर्जातही भरदार आणि तरीही चपळ असा स्त्रीचा आवाज दुर्मीळ झाला आणि इसाबेला अडगळीत गेली. १९२५ साली तुरीनमध्ये कोंचिता सुपेर्व्हिया या स्पॅनिश गायिकेने तिला पुन्हा उभे केले. मेट्रोपॉलिटनमध्ये हा ऑपेरा १९१९ साली थोडेच प्रयोग होऊन बंद पडला होता. तो परत आला १९७३ साली, ज्याँ-पिएर पोनेलच्या दिग्दर्शनात, आणि आला तो मर्लिन हॉर्नसाठी.

हॉर्नचा जन्म १९३४ चा, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातला. १९५४ साली 'कार्मेन जोन्स' चित्रपटात पडद्यावर डोरोथी डँड्रिज दिसते, पण गाणारा आवाज आहे विशीतल्या हॉर्नचा. १९६० साली तिने हेन्री लुईस या कृष्णवर्णीय संगीत-संचालकाशी लग्न केले. त्या वेळी अमेरिकेच्या अनेक राज्यांत असे लग्न बेकायदा होते आणि ते कायदे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते १९६७ साली. हेच लुईस १९७२ मध्ये मेट्रोपॉलिटनमध्ये ऑपेरा संचालित करणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले.

१९८६ च्या चित्रणात हॉर्न पन्नाशी ओलांडलेली आहे. बांधा बुटका आणि भरलेला. पाहताक्षणी बादशहा घायाळ व्हावा, असे चित्रपटी रूप तिच्याकडे नाही, आणि तिला त्याची गरजही पडत नाही. जहाज फुटल्यावर ती चाच्यांच्या घोळक्यात उभी राहते आणि पहिले गाणे सुरू होते. सुरुवात संथ आहे, नशिबाला दोष देणारी. मग बाई भानावर येते, भोवतालच्या पुरुषांकडे नजर टाकते आणि तिच्या लक्षात येते की हे सगळे सारखेच आहेत, यांना वठणीवर कसे आणायचे ते आपल्याला येते. इथे लय बदलते. हॉर्नचा आवाज खर्जात उतरतो, तिथे पाय रोवतो आणि तिथूनच सरसर वर चढतो. आपल्या कानाला ओळखीची खूण सांगायची तर ती दाणेदार तानेची. एकही स्वर दुसऱ्याला चिकटत नाही, एकही गळत नाही. फरक एवढाच, की इथे बहुतेक स्वर संगीतकाराने लिहून दिलेले असतात आणि ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा गायिकेने त्यात स्वतःची भर घालायची असते.

विनोदी भूमिका करताना गायक बहुधा तोंडे वाकडी करतात. हॉर्न ते जवळजवळ टाळते. ती हसवते आवाजातून. मुस्तफाला पहिल्यांदा पाहिल्यावर इसाबेलाला त्याच्या ध्यानाचे हसू येते. ती ते दाबते आणि लगेच लाडिक सुरात त्याची आर्जवे करू लागते. एकाच दमात मनातला सूर आणि तोंडावरचा सूर वेगळे ठेवणे ही या भूमिकेतली खरी कसोटी. दुसऱ्या अंकात ती आरशासमोर बसून नटते, तीन पुरुष लपून तिला पाहत असतात आणि ती आपल्या प्रियकरासाठी गाते. तिघांनाही वाटते की गाणे आपल्यासाठीच आहे. हे गाणे हॉर्न इतक्या हळुवार गाते, की तिघांची फसगत आपल्याला पटते. थोड्याच वेळाने मुस्तफा शिंकतो. इतरांनी निघून जावे आणि आपल्याला इसाबेलाबरोबर एकटे सोडावे, असा त्याचा इशारा ठरलेला असतो. तो शिंकत राहतो आणि कोणी हलत नाही. पाओलो मोंतारसोलोचा मुस्तफा इथे पोट धरून हसवतो.

मला खरी गंमत सापडली ती संहितेत. मुस्तफा एल्व्हिराला लिंदोरोशी लावून द्यायला निघतो, तेव्हा चाच्यांचा कप्तान हालीच त्याला अडवतो. लिंदोरो मुसलमान नाही, तेव्हा पैगंबरांच्या शरीयतीत हे बसत नाही, अशा अर्थाचे तो बोलतो. त्यावर मुस्तफाचे उत्तर असे, की माझी लहर हाच माझा कायदा. आनेल्लीला मुस्लिम स्त्रीच्या विवाहाचा नियम ठाऊक होता आणि त्याने तो एका चाच्याच्या तोंडी घातला. म्हणजे या ऑपेरात थट्टा होते ती धर्म गुंडाळून ठेवून बायकोला वस्तूसारखी देऊन टाकणाऱ्या सत्ताधाऱ्याची. इसाबेलाही पहिल्या अंकाच्या अखेरीस नेमकी याच मुद्द्यावर त्याला अडवते. बायकोला हाकलायचे नाही, असे ती बजावते. परक्या देशातून आलेली ही बाई एल्व्हिराच्या बाजूने उभी राहते.

लहरीलाच कायदा मानणारे मुस्तफा आपल्याला परके नाहीत. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत मोर्चा काढला, तो तोंडी तलाकच्या लहरीविरुद्धच होता. त्या सातजणींना इसाबेलाची गोष्ट माहीत असण्याचे कारण नव्हते. पण मुस्तफाला हसायचा हक्क कोणाला असेल, तर तो आधी त्यांना आहे.

तरीही हसता हसता काही गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली अशी की अल्जियर्सचा सत्ताधीश 'बे' नव्हता, 'दे' होता. 'बे' त्याच्या हाताखाली प्रांत सांभाळत. १७९८ ते १८०५ या काळात अल्जियर्सला मुस्तफा नावाचा दे खरोखरच होता. तो जनानखान्यातल्या भानगडीत बुडाला नाही, १८०५ च्या बंडाळीत मारला गेला. दुसरी गोष्ट गुलामगिरीची. अल्जियर्सचे चाचे इटलीच्या किनाऱ्यावरून माणसे पळवत, हे खरे आहे. २७ ऑगस्ट १८१६ रोजी इंग्रज आणि डच आरमाराने अल्जियर्सवर तोफा डागल्यानंतर हजाराहून अधिक ख्रिस्ती गुलाम सुटले. पण समुद्राच्या दुसऱ्या काठावरही मुसलमान गुलाम होते. माल्टात १७९८ साली नेपोलियन येईपर्यंत ते होते. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात पिएत्रो ताक्काने सतराव्या शतकात घडवलेले चार साखळबंद मूर आजही उभे आहेत. कोणत्या तरी 'लिव्होर्नोमधल्या अल्जिरियन तरुणी'वर मात्र विनोदी ऑपेरा लिहिला गेला नाही.

शिवाय इसाबेलाच्या शेवटच्या मोठ्या गाण्याचा रोख अल्जियर्सवर नाहीच. त्यात ती लिंदोरोला आणि इटालियन गुलामांना मायदेशाची आठवण करून देते, भित्र्या ताद्देओला मध्येच झापते. १८१३ साली इटली नावाचा एकसंध देश नव्हता, बहुतेक भूभाग नेपोलियनच्या टाचेखाली होता. गाण्याच्या आधीच्या समूहगानात वाद्यवृंदातून फ्रेंच क्रांतिगीताची, 'मार्सेयेज'ची, चाल डोकावून जाते. पुढे नेपल्सच्या प्रयोगात हे मायदेशाचे गाणे काढून त्याजागी दुसरे घालावे लागले. दरबारी मंडळींना भीती वाटली ती मुस्तफाची नव्हे, इसाबेलाची. हॉर्न हे गाणे गाते तेव्हा विदूषकी सगळी मागे पडते. ती ताठ उभी राहते आणि आवाज सैन्याला हुकूम द्यावा तसा निघतो. इतका वेळ जिला आपण चतुर बाई समजत होतो, ती खरी पुढारी होती, हे तेव्हा कळते.

पहिल्या प्रयोगातला मुस्तफा होता फिलिप्पो गाल्ली हा बास गायक. पुढच्याच वर्षी रॉसिनीच्या 'इटलीतला तुर्क' मध्ये सेलीम तोच झाला. आणि १८२० साली नेपल्समध्ये रॉसिनीने कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या सुलतान मेहमेदवर 'माओमेत्तो दुसरा' हा गंभीर ऑपेरा रचला, तेव्हा तो सुलतानही गाल्लीच होता. हा मेहमेद शूर आहे, प्रेमात खरा आहे, दिलदार आहे. म्हणजे एकाच संगीतकाराने एकाच गायकाच्या गळ्यातून सात वर्षांत खुळा मुस्तफाही काढला आणि खानदानी मेहमेदही. युरोपने आपल्याकडे एकाच नजरेने पाहिले, हे आपले गृहीतक इथे थोडे हलते. ऑपेराच्या वाद्यवृंदात मोठा ढोल आणि झांजा वाजतात, त्या युरोपने तुर्की जानिसारींच्या फौजी बँडकडूनच घेतल्या होत्या. उलट १८२८ साली सुलतान महमूद दुसरा याने आपल्या लष्करी संगीतासाठी इटलीहून ज्युसेप्पे दोनिझेत्ती याला बोलावले. हा प्रसिद्ध संगीतकार गाएतानो दोनिझेत्तीचा थोरला भाऊ. तो इस्तंबूलमध्ये पाशा झाला आणि १८५६ साली तिथेच वारला.

अल्जियर्सच्या खऱ्या गोष्टीचा शेवट मात्र विनोदी नाही. फ्रान्सने १७९० च्या दशकात अल्जियर्सकडून आपल्या फौजांसाठी गहू उधारीवर घेतला होता. पैसे चुकते झाले नाहीत. १८२७ साली याच बोलाचालीत हुसेन दे याने फ्रेंच वकिलाला माशा हाकलण्याच्या पंख्याने मारले. त्या पंख्याचे निमित्त करून फ्रान्सने समुद्रातून नाकेबंदी केली आणि ५ जुलै १८३० रोजी अल्जियर्स घेतले. अल्जिरिया स्वतंत्र झाला तो १९६२ साली, त्याच तारखेला, १३२ वर्षांनी.

शहर सोडून जाताना हुसेन दे जहाजात बसून कुठे गेला असेल? इटलीला, नेपल्सला. रॉसिनीने सात वर्षे जिथे नाट्यगृह सांभाळले, जिथे त्याचा खानदानी मेहमेद पहिल्यांदा गायला, त्याच शहरात अल्जियर्सचा शेवटचा दे निर्वासित म्हणून उतरला. १८३८ साली तो अलेक्झांड्रियात वारला. इसाबेला जहाजात चढून घरी पोचली. दे पुन्हा कधी घरी पोचला नाही.

म्हणून मुस्तफाला हसावे. हॉर्नची इसाबेला ऐकावी, तिची प्रत्येक तान मनापासून ऐकावी, आणि आपल्या आसपासच्या मुस्तफांनाही त्याच हसण्यात सामील करून घ्यावे. फक्त पडदा पडल्यावर हुसेन देची बोट आठवावी.