जाहिरातीतील कोरे कपाळ

सन 2021 च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, फॅबइंडिया या कापडाच्या कंपनीने आपल्या नव्या वस्त्रांची 'जश्न-ए-रिवाज' या नावाने जाहिरात काढली. चित्रातील स्त्रियांची वस्त्रे लाल, पण कपाळी कुंकू नव्हते. झाले! हिंदूंच्या सणाचा हा अवमान, बहिष्कार घाला, असा गहजब उसळला. ही दिवाळीची वस्त्रेच नव्हेत, असे सांगून कंपनीने जाहिरात मागे घेतली.

भगिनींनो, नाव परके म्हणावे तर 'रिवाज' आपण रोज बोलतो. शालूची 'जर'देखील फारसीच. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमदाने निजामशाहीची पहिली गादी आपल्या जुन्नरासच मांडली होती.

कपाळाची गोष्ट मात्र अधिक बोचणारी. कुंकू का नाही म्हणून खडसावणारा समाजच नवरा जाताच ते पुसावयास लावतो, आणि पुढे हळदीकुंकवाचे बोलावणेही धाडीत नाही! विधवेचे कुंकू पुसू नये, असा ठराव मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीला करावा लागला. त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरविण्यास सांगितले.